रिकाम्या डब्यांतले बिऱ्हाड

आपल्या जुन्या घरांत प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे भांडे होते. मोहरी-जिऱ्याला मिसळणाचा डबा, हळदकुंकवाला पंचपाळे, विड्याला पानपुडा नाहीतर चंची, शाळिग्रामाला संपुष्ट आणि आजीच्या हिरडा-बेहड्याला बटवा. घरातले कोणीही डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाती यावी, अशी ती व्यवस्था होती. ती कोणी ठरवली हे सांगता येत नाही. पिढ्यान् पिढ्या वापरून ती ठरून गेली होती. साध्या सुईचेही ठिकाण ठरलेले असे. दोरा ओवलेली सुई रिळात खोचायची, वाकळ शिवायचे दाभण तुळईच्या फटीत. तिन्हीसांजेला सुई उसनी देऊ नये, दिली तर हातात न देता जमिनीवर ठेवावी, हे नियमही त्याच व्यवस्थेतले. सुई हरवली तर ती नेमकी कोणाच्या तरी पायातच सापडते, हे ज्यांनी अनुभवले त्यांनी ते केले असावेत.

या सगळ्या मांडणीत एका वस्तूला मात्र घर मिळाले नाही. ती म्हणजे लोकरीच्या विणकामाची सुई. दहा, बारा, चौदा इंच लांब, एका टोकाला बोंड, दुसऱ्या टोकाला अणी, आणि नेहमी जोडीने राहणारी. तिच्यासाठी आपल्या सुताराने, कासाराने किंवा बुरुडाने कधी काही घडवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कारण साधे आहे. ती आपल्याकडे फार उशिरा आली. ती आली तेव्हा घरातली सगळी भांडी आधीच वाटली गेली होती. मग ही पाहुणी जिथे जागा रिकामी होईल तिथे बिऱ्हाड करत राहिली. ती कुठे कुठे राहिली हे पाहिले, की घरातल्या कोणत्या वस्तूचे दिवस केव्हा संपले हेही आपोआप कळते. म्हणून हा विषय वाटतो तेवढा क्षुल्लक नाही.

विणकाम म्हणजे दोन सुयांवर टाके घालून वस्त्र वाढवण्याची कला. ती मूळची आपली नाही. जगात या जातीचे जुने नमुने मिळाले ते इजिप्तमध्ये, आणि ते सुती मोज्यांचे आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे. तिथून ती युरोपात गेली, आणि आपल्याकडे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, गोऱ्या मडमांच्या आणि मिशनऱ्यांच्या हातून आली. अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली ती १८२४ साली. आपल्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्येच सुरू झाले होते. पलीकडे धारवाडला बासेल मिशन १८३७ साली आले. मुलींच्या मिशन शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. पुष्कळशा पालकांना मुलीने वाचायला शिकावे हे पटत नव्हते, पण शिवण-टिपण शिकून आली तर कोणाचे काय बिघडणार होते? सुईच्या मागून अक्षर आत शिरले असे म्हणायला हरकत नाही. पुढे कर्व्यांचा १८९६ सालचा अनाथ बालिकाश्रम, पुण्याचे १९०९ सालचे सेवासदन, बडोद्याला महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे उद्योगालय अशा संस्था निघत गेल्या आणि हातकामाला आणखी प्रतिष्ठा आली.

हवामानाचाही यात भाग आहे. कोकणात आणि गोव्यात लोकर अंगाला टोचते. तिथल्या बायका क्रोशाकडे वळल्या, आणि सुताचे रुमाल, तोरणे, पडद्यांच्या झालरी विणू लागल्या. लोकरीच्या सुया खऱ्या रमल्या त्या जिथे थंडी पडते तिथे: ग्वाल्हेर, इंदूर आणि आमचे बेळगाव. ग्वाल्हेरची मुलगी बेळगावला दिली की तिच्या ट्रंकेत सुयांच्या दोन-तीन जोड्या हमखास असत, आणि ते पाहून शेजारच्या चार घरांत स्वेटर सुरू होत. बेळगावला तर लष्करी छावणी. मराठा रेजिमेंटचे केंद्र इथे आले ते १९२२ साली. छावणीच्या गावात लोकर, बटणे, सुया मिळायला फार हिंडावे लागत नसे.

पण इंग्रजांच्या देशातून सुया आल्या, त्यांच्या ठेवणीचे सामान मात्र आले नाही. तिकडे ते भरपूर होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरच्या खोऱ्यांत, डेंटसारख्या गावांत, विणणारी माणसे कमरेच्या पट्ट्यात लाकडाची एक कोरीव मूठ खोवत. मुठीला वरून भोक. उजव्या सुईचे टोक त्या भोकात बसवले की हात मोकळा राही आणि चालता चालता विणता येई. तरुण मुले आपल्या होणाऱ्या बायकोसाठी ही मूठ स्वतः कोरून देत, वर तिची आद्याक्षरे आणि साल घालत. आज ही जुन्या काळची मूठ संग्रहालयांत पाहायला मिळते. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांवर चामड्याचा पट्टा असे. त्यावर घोड्याचे केस भरलेली एक भोकाभोकांची गादी असे. पाठीवर सरपणाची टोपली आणि हातात विणकाम, अशा शेटलंडच्या बायकांची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. श्रीमंत घरांतल्या स्त्रिया कमरेला चांदीची साखळी लावत, तिला कात्री, अंगुस्तान, सुयांची नळी अशी अवजारे लोंबत असत. वूस्टरशायरमधल्या रेडिच या गावी तर जगभर जाणाऱ्या सुया बनत. तिथल्या एव्हरी कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणाच्या सुयांसाठी पितळेच्या चिमुकल्या डब्या काढल्या, कुठे फुलपाखराच्या आकाराच्या, कुठे टोपलीच्या. सुईवरचे टाके सांडू नयेत म्हणून दोन्ही अण्यांवर घालायच्या छोट्या टोप्या असत, मधे रबराचा दोरा. सुई किती जाड आहे हे पाहण्यासाठी घंटेच्या आकाराची भोकांची पट्टीही मिळे.

यातले आपल्याकडे काय आले? सामान्य मराठी घरात म्हणाल, तर जवळजवळ काहीच नाही. कमरेला साखळी लावून फिरणारी सासुरवाशीण कोणी चालवून घेतली असती? लुगड्याच्या केळ्यात आणि ओच्यात सगळे मावत होते, पण चौदा इंची सुई खोचून भात वाढता येत नाही.

पहिले बिऱ्हाड झाले ते फणेरपेटीत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडी चौकोनी पेटी, झाकणाला आतून आरसा, आत लहान लहान कप्पे. एकात फणी, एकात मेण, एकात कुंकवाचा करंडा, खाली एखादा खण. आधी कपाळावर मेण लावायचे, मग त्यावर कोरडे कुंकू रेखायचे, त्याची ही सगळी सामग्री. आमच्या घाटाखाली सावंतवाडीला लाखेच्या रंगकामाची लाकडी कामे होतात, तिथल्या पेट्या विशेष देखण्या. पुढे भिंतीवर मोठा आरसा आला, ओले कुंकू बाटलीत मिळू लागले, नंतर तर टिकलीच आली. मेणाचा कप्पा रिकामा पडला. त्यात क्रोशाची सुई, बटणे, अंगुस्तान, रेशमाच्या लडी बसल्या. क्रोशाची सुई वीतभराची, ती पेटीत आडवी छान मावते. लोकरीची सुई मात्र मावेना. ती तिरकी घातली की झाकण लागत नाही आणि झाकण दाबले की आरशाला तडा जातो. माझ्या पाहण्यातल्या दोन फणेरपेट्यांचे आरसे एकाच कोपऱ्यात फुटलेले आहेत. त्याचे कारण मला तरी दुसरे दिसत नाही.

मग कोणाला तरी चंची आठवली असावी. चंची म्हणजे कापडाची पुष्कळ कप्प्यांची पिशवी, गुंडाळायची आणि नाडीने बांधायची. पान, सुपारी, चुना, कात, प्रत्येकाला वेगळा कप्पा. तीच चंची लांबट शिवली, की प्रत्येक कप्प्यात सुयांची एक जोडी. गंमत अशी की इंग्रज सैन्यातल्या शिपायाच्या सामानात सुईदोऱ्याची अशीच एक कापडी गुंडाळी असे, आणि तिला ते लोक चक्क ‘हाउसवाइफ’ म्हणत. घरापासून हजार कोस दूर असलेल्या माणसाच्या सदऱ्याचे बटण लावणारी बायको ती हीच. छावणीच्या गावातल्या एखाद्या बाईने शिपायाची गुंडाळी पाहून आपली शिवली, की पानाची चंची पाहून, हे आता ठरवणे कठीण. मला स्वतःला चंचीचा पक्ष जवळचा वाटतो, कारण या गुंडाळ्यांची नाडी बांधण्याची तऱ्हा अगदी चंचीची असते.

त्या शिवल्या जात खणाच्या कापडाच्या. गुळेदगुड्डचा खण आमच्या भागात ओटीत यायचाच. जोवर खणाच्या चोळ्या शिवत होत्या तोवर तो कधी शिल्लक राहत नसे. मग तयार ब्लाउजपीस आले, वायलचे आले, पुढे पॉलिएस्टरचे आले, आणि ओटीतले खण कपाटात साठू लागले. ओटीतला खण टाकून देववत नाही, आणि कोणालाही द्यायचे मनात येत नाही. त्याची सुयांची गुंडाळी झाली. खणाचे विणकाम घट्ट असते, सुईची अणी त्यातून सहजासहजी आरपार जात नाही. काठाची बाजू वर ठेवली की कप्प्याला आपोआप मजबूत कड मिळते. विणकामाच्या सुयांसाठी आपल्या मुलखात निर्माण झालेली खास अशी ठेवण मला ही एकच दिसते, आणि तीही चोळी गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या कापडाची.

आता येतो सर्वांच्या ओळखीचा बिस्किटांचा डबा. इंग्लंडातल्या रेडिंग गावी १८२२ साली एका दुकानात बिस्किटांचा धंदा सुरू झाला. त्याचीच पुढे हंटले अँड पामर्स ही जगप्रसिद्ध कंपनी झाली. समुद्रप्रवासात बिस्किटे सादळू नयेत म्हणून त्यांनी पत्र्याचे घट्ट झाकणाचे डबे वापरले, आणि १८६८ पासून त्या डब्यांवर रंगीत चित्रे येऊ लागली. साहेबाच्या बरोबर ते डबे हिंदुस्थानात सगळीकडे पोहोचले. पण बिस्किट म्हणजे परक्याच्या हातचे, भट्टीतले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तो काळ डोळ्यांसमोर ठेवा. अशा घरात कचेरीतल्या साहेबाने दिलेला बिस्किटांचा डबा आला, तर रिकामा झाल्यावर त्यात रवा किंवा साखर कोण भरणार? डबा सोवळ्यात चालण्यासारखा नव्हता. पण होता सुंदर. झाकण घट्ट, चित्र देखणे. स्वयंपाकघराने नाकारलेला तो डबा माजघरात राहिला आणि सुईदोऱ्याचा झाला. माझा तर्क असा आहे, की बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा ठेवण्याची आपल्याकडची रीत निदान काही घरांत या विटाळातून सुरू झाली असावी. पुढे विटाळ गेला, रीत राहिली.

फाळणीनंतर सिंधमधून ग्वाल्हेरला आलेल्या जे. बी. मंघाराम यांच्या बिस्किटांच्या डब्यांनी तर हा प्रश्नच मिटवला. त्यांच्या डब्यांवर राधाकृष्ण आणि देवादिकांची चित्रे. असा डबा भंगारात घालणे म्हणजे देवाला घराबाहेर काढण्यासारखे. ग्वाल्हेर-इंदूरच्या किती मराठी घरांत हे डबे अजून असतील कोणास ठाऊक. गोव्यात आणि आमच्याकडे आखाती देशांतून येणाऱ्या नातलगांनी नंतर डेन्मार्कच्या लोण्याच्या बिस्किटांचा निळा गोल डबा आणला. त्याचे झाकण उघडून बिस्किटाऐवजी रिळे पाहणाऱ्या मुलाची निराशा ही आता जगभरची गोष्ट झाली आहे.

या डब्यांवर माझा एक आक्षेप आहे आणि तो मी इथे नोंदवून ठेवते. आमचा पाऊस जूनमध्ये सुरू होतो तो चार महिने भिंती सुकू देत नाही. पत्र्याच्या डब्यात कोंडलेली दमट हवा बाहेर पडत नाही आणि पोलादी सुईला तांब चढतो. तांबलेली सुई पांढऱ्या लोकरीत घातली की तो डाग जन्मात जात नाही. जुन्या बायका त्यावर दोन उपाय करत. एक, टाचण्या खोचायची गादी केसांनी भरायची. विंचरताना निघालेले केस धुऊन, वाळवून साठवायचे आणि त्यांची गादी करायची. केसांच्या अंगच्या तेलाने सुई तांबत नाही. इंग्लंडातही हीच युक्ती होती. दुसरा उपाय म्हणजे डब्यात काळा कागद घालणे. सुयांची पाकिटे काळ्या कागदाची येत, ती फेकत नसत. सुयांना कोणी खोबरेल तेल लावा म्हणाले तर ऐकू नका. तांब थांबेल, पण लोकर तेलकट होईल आणि वास राहील. पुढे ॲल्युमिनियमच्या राखी सुया आल्या, पोनीसारख्या देशी कंपन्यांच्या, आणि तांबाची कटकट संपली. मात्र बांबूच्या सुयांना दमट डबा आजही मानवत नाही.

लोकरीचे गणित निराळे. तिचा शत्रू कसर. डांबराच्या गोळ्या घातल्या की कसर लागत नाही, पण त्या लोकरीचे टोपडे तान्ह्या मुलाला घालायचे म्हणजे आधी आठ दिवस उन्हात. म्हणून बाळाची लोकर कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवण्याची पद्धत होती. सुयांच्या डब्यात लोकर ठेवू नये, हे मात्र सगळ्या जाणत्या बायका सांगत. गुंडाळ्यात अणी शिरते, धागा दुभंगतो.

१९३७ साली डालडा बाजारात आला आणि काही वर्षांत त्याचा पिवळा डबा घरोघरी झाला. तुपाच्या जागी डालडा वापरावा की नाही यावर घराघरांत वाद झाले, रिकाम्या डब्याबद्दल मात्र एकमत होते. त्यात तुळस लागली, त्यात पाणी तापले, आणि त्या उंच डब्यात विणकामाच्या सुया प्रथमच सरळ उभ्या राहिल्या. बारा-चौदा इंची सुयांची बोंडे डब्याच्या वर दिसत. हे वाटते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सुईचा नंबर बोंडावर असतो. जुन्या विलायती पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. बॉर्डरला ११ नंबर आणि अंगाला ९ नंबर, असे काहीसे ठरलेले असे. आडव्या डब्यात सुया एकमेकींत मिसळतात. ९ नंबरच्या जोडीला चुकून १० नंबरची सुई लागली, तर एक ओळ सैल आणि एक ओळ घट्ट, आणि स्वेटर पाठीपर्यंत पोहोचल्यावर कळते. तेव्हा उसवण्याखेरीज गत्यंतर नसते. विणकामाच्या ठेवणीची पहिली कसोटी म्हणूनच जोडी न मोडणे ही आहे. सौंदर्य, आटोपशीरपणा वगैरे सगळे त्यानंतर. जाणत्या बायका जोडीला रबरबँड लावत आणि अणीवर इंजेक्शनच्या बाटलीचे रबरी बूच बसवत. इंग्लंडातल्या त्या टोप्यांचा हा आपला अवतार, दवाखान्यातून फुकट मिळणारा. मोज्यांच्या चार सुयांना तर दोन्हीकडे अण्या, त्यांना दोन्ही टोकांना बुचे.

सुया नेहमी विकतच घेतल्या असेही नाही. सायकलच्या तारा घासून केलेल्या सुया जुन्या डब्यांत सापडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने झाली, १८८८ साली. सायकली या गावात लवकर आल्या आणि मोडक्या सायकलीही लवकर झाल्या, हे त्यावरून समजावे. तारेच्या सुईला नंबर नसतो, बोंडही नसते. टोकाला लाखेचा गोळा करायचा नाहीतर कापडाची गाठ मारायची. बारीक कानटोपीला त्या फार चांगल्या.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनचे आक्रमण झाले तेव्हा या सगळ्या सुया एकदम बाहेर आल्या. लडाख आणि नेफाच्या थंडीत आपल्या जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर देशभर बायका-मुलींनी स्वेटर, मफलर, कानटोप्या विणल्या. मराठा पलटणीच्या गावात तर ते कोणी सांगावे लागले नाही. अनेक घरांत उशीच्या अभ्र्याची विणकामाची पिशवी तेव्हापासून आहे. विणकाम चालू असताना सुया डब्यात ठेवता येत नाहीत, टाके सांडतात. म्हणून चालू कामाला वेगळी जागा लागते. अभ्रा त्याला उत्तम. तोंडाशी नाडी ओवली की झाले. रेडिओवर बातम्या लागल्या की तो अभ्रा मांडीवर यायचा.

इतकी वर्षे हे डबे घरात असूनही त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. एकत्र कुटुंबात सुनेच्या नावाचे कपाट नसे, कुलूप नसे. गोदरेजने पोलादी कपाटे १९२३ पासून केली, पण ते कपाट घरात आले तरी किल्ली सासूच्या कनवटीला. सुयांचा डबा मात्र कोणी मागत नसे. पुरुष त्यात हात घालत नसत, कारण टोचते. मुलांना तो उघडायची बंदी. त्यामुळे रिळांच्या खाली माहेरचे पत्र असे, बटणांच्या डबीत सुटे पैसे. शेजारणीचा स्वेटर विणून मिळालेली मजुरीही तिथेच. कोणी वहिनी गेली आणि मागाहून डबा उघडला, तर तळाच्या कागदाखाली घडी केलेल्या नोटा निघाल्या, असे मी तीन वेगवेगळ्या घरांतून ऐकले आहे. एका घरात त्या नोटा चलनातून गेलेल्या होत्या. ती किती वर्षे साठवत होती आणि कशासाठी, हे विचारायला कोणी उरले नव्हते.

आणि असत चिठोऱ्या. नमुन्यांच्या. मापांच्या. कॅलेंडरच्या पाठीवर, वह्यांच्या फाटक्या पानांवर. ‘२ सुलट, २ उलट, १ टाका न विणता घ्यावा.’ क्रोशाच्या असल्या तर ‘५ साखळ्या, १ मुका खांब’. सीमेवरच्या घरांतल्या चिठोऱ्या एका भाषेत नसतात. शेजारची बाई कानडी, तिने दाखवलेला नमुना तिने तिच्या लिपीत लिहून दिला. घेणारीने त्याखाली आपल्या अक्षरात अर्थ लिहिला. विणकामाला त्या हेणिगे म्हणतात, लोकरीला उण्णे. हे शब्द आपल्याला ऐकून ऐकून माहीत होतात. पण सुईला सूजी आणि दोऱ्याला दार, हे शिकावेच लागत नाहीत, अर्धे आपलेच वाटतात. बाहेर चौकात दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर गाव तापलेले असताना आत माजघरात या चिठोऱ्या एकाच डब्यात पडून होत्या. यावरून कोणी मोठा निष्कर्ष काढू नये. भांडण खरे होते आणि चिठोऱ्याही खऱ्या होत्या.

दुःख आहे ते या चिठोऱ्यांचे. जुने घर विकायला निघते, मुले पुण्याला किंवा बंगळूरला असतात, दोन दिवसांची रजा काढून येतात. तांब्या-पितळेची भांडी मोजली जातात, फणेरपेटीला आता शोभेची वस्तू म्हणून किंमत येते, चित्राच्या डब्यालाही गिऱ्हाईक मिळते. डबा विकण्यापूर्वी रिकामा करतात. सुया, बुचे, कागद पिशवीत भरून भंगारवाल्याच्या गाडीवर. आपल्या वस्तुसंग्रहालयांत तलवारी आहेत, ताम्रपट आहेत, पगड्या आहेत; सामान्य बाईचा आतल्या सामानासकट जसाच्या तसा ठेवलेला सुईदोऱ्याचा डबा मी तरी अजून पाहिलेला नाही. तुमच्या घरात असा डबा असेल तर निदान उघडून, आत काय काय आहे याची यादी करून, ती आतच ठेवावी. कोणाचा डबा, ती कुठली, कोणत्या साली इथे आली, एवढे लिहिले तरी पुरे.

ज्यांच्या सुया अजून चालू आहेत त्यांनी विचारले तर माझे मत खणाच्या गुंडाळीलाच. हवा खेळती राहते, जोडी मोडत नाही, कप्प्यावर नंबर दोऱ्याने भरता येतो आणि पावसाळ्यानंतर धुऊन उन्हात घालता येते. वायरच्या गोल सुयांना मात्र ती चालत नाही. त्या वेटोळे करून ठेवल्या की वायर तसाच आकार धरते. विणण्यापूर्वी गरम पाण्यात जराशी बुडवून सरळ करावी लागते. त्या सैल टांगून ठेवलेल्या बऱ्या.

एवढ्यात एक नवीन जागा रिकामी झाली आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांची ड्रॉइंगचे कागद ठेवायची प्लॅस्टिकची नळी. चित्रे संगणकावर काढायला लागल्यापासून ती माळ्यावर पडून होती. लांबीला पुरेशी, झाकण फिरकीचे, खांद्याला अडकवायचा पट्टासुद्धा. आमच्या गल्लीत सध्या तीन घरांत सुया तिच्यात आहेत.